चुलीनं न घेतलेली ठिणगी

"सून हाय का सुतारपक्षी! सारखी आपली टकटक." सासूबाई सोप्यात शेंगा फोडत पुटपुटल्या. आवाज बेताचा, मला ऐकू जाईल पण उलट बोलता येणार नाही एवढाच.

मी हात थांबवला नाही. डाव्या हातात गारगोटी, तिच्या धारेवर अंगठ्याखाली जळका कापूस, उजव्या हातात पोलादाची वाकवलेली पट्टी. ही चकमक माणदेशाकडचा धुळा धनगर देऊन गेला होता. खतासाठी आमच्या रानात त्याची मेंढरं बसायची. लढाईमुळं काडेपेटी मिळेना म्हणून शिकते, असं मी सांगायची. खरं म्हणजे हौस. चाळिशी उलटलेल्या बाईला स्वतःच्या हातानं ठिणगी पाडण्यात केवढा आनंद असतो, हे सांगणार कुणाला?

बोटं सोलून घेतल्यावर हात बसला. पट्टी आपटायची नाही, धारेवरून खाली ओढायची. कापसावर लाल टिपका पसरतो. तो वाळल्या गवतात धरून फुंकला, की जाळ.

धाकटी जाऊ अंजना शेजारी बसून बघायची. तिचा नवरा कृष्णात पलटणीत होता. सिंगापूर पडल्यापासून त्याची खबर नव्हती. घरात मात्र सगळे "किस्नात आला म्हंजी" असंच बोलत. अंजना ते ऐकून कपाळावरचं कुंकू चाचपायची.

त्या दिवशी आमचे मालक कराडला गेले होते. दिवस कलला तशी मी चूल पेटवायला बसले. गवतानं पेट घेतला, चुलीत सारलं आणि विझलं. धूर नाही, वास नाही. कुणी तळहात ठेवावा तसं.

"लाकडं वली असत्याल, अक्का," अंजना म्हणाली.

तीच लाकडं अंगणात नेली. पहिल्याच ठिणगीला धडधडली. जळतं लाकूड घेऊन मी आत आले. चुलीच्या तोंडाशी ते काळं पडलं. मी हात लावला.

गार होतं.

सासूबाई उठल्या. जपून ठेवलेली काडेपेटी त्यांनी काढली. काडी पेटली, चुलीत गेली, विझली.

"वारा हाय," त्या म्हणाल्या.

वारा नव्हता. देवापुढची ज्योत सरळ उभी होती. अंजनानं तिच्यावर चिपाड पेटवून आणलं. चुलीपाशी तेही गेलं.

"किस्नात आला म्हंजी नवी चूल घालू." सासूबाईंचा आवाज उगाच मोठा झाला होता.

तेवढ्यात दारात शेजारची शालूबाई उभी. हातात झाकलेली दुरडी.

"तुमच्या कौलावर धूर दिसना. म्हटलं, चार भाकरी..." आपण काय घेऊन आलोय, ते तिला तिथंच उमगलं असावं. मयताच्या घरी चूल पेटवत नाहीत. त्या घरी शेजारणी अशाच झाकून भाकरी आणतात.

"कुणी सांगितलं तुला?" सासूबाईंनी विचारलं.

"कुनी न्हाई, आवं. हात आपसूक चालला."

दुरडी घ्यायला कुणी पुढं होईना.

मग अंजना उठली. तिनं दुरडी घेतली, भाकरी मोडली, तिच्यातल्याच आमटीच्या कोरड्यासात कालवली. घास सासूबाईंच्या तोंडाशी धरला. हात जरासुद्धा हलत नव्हता.

"खावा, आत्याबाई," ती म्हणाली. "आपल्याला सुतक हाय."