तिच्या गाडीची बॅटरी

दर दोन-चार दिवसांनी सकाळी गाडी चालूच व्हायची नाही. नवरा किल्ली फिरवायचा, आतून नुसती टकटक यायची, आणि मग मी आणि शेजारचा कुणीतरी मिळून ती छोटी लाल गाडी फाटकापर्यंत ढकलत न्यायचो. नवरा आत बसून "अजून थोडं, अजून थोडं" म्हणायचा. सवतीची गाडी ढकलणारी बाई जगात मी एकटीच असेन.

गाडी तिची होती, माझ्या नवऱ्याच्या पहिल्या बायकोची. ती तापाने गेली, हॉस्पिटलात. हे मुद्दाम सांगते, कारण ऐकणारे लगेच अपघात झाला असं धरून चालतात. गाडीचा त्यात काही संबंध नव्हता.

मी विजेचे मीटर तपासायच्या प्रयोगशाळेत काम करते. वीज कुठे गेली हे शोधणं हा माझा पोटापाण्याचा धंदा. वीज आपोआप नाहीशी होत नाही; ती कुणीतरी घेतलेली असते.

सवत जिवंत असती तर भांडता तरी आलं असतं. मेलेलं माणूस चुकतच नाही. "ती गाडी चालवायची ना, पोटातलं पाणी हलायचं नाही," सासूबाई म्हणायच्या. मी चालवायला बसले की गाडी प्रत्येक वळणावर गचके खात बंद पडायची, आणि नवरा खिडकीबाहेर बघत स्वतःशीच हसायचा. माझ्याकडे बघून तो तसा हसलेला मला आठवत नाही.

"विकून टाकू या का?" मी एकदा विचारलं.

"तिला?" तो म्हणाला.

मराठीत गाडीही ती आणि बाईही ती. कुठली ती, हे मी विचारलं नाही.

शेवटी गाड्यांची वायरिंग करणारा मिस्त्री बोलावला. सगळा मोहल्ला त्याला करंटकाका म्हणतो. घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये त्याने बॉनेट उघडलं, एकेक फ्यूज काढून मीटर लावून पाहिला, मग कपाळावरचा घाम बाहीला पुसला.

"ताई, बंद गाडी काहीच खात नाहीये. बॅटरी नवी, चार्जिंग ठीक. मग जातंय कुठं?"

"गळती असणारच, काका."

"असणार. पण माझ्या देखत होत नाही." त्याने बॉनेटवर बोटं वाजवली. "एक करू. बॅटरीला कट-ऑफ स्विच बसवू. ही लाल मूठ फिरवायची आणि काढून पर्समध्ये टाकायची. मूठ तुमच्याकडे, म्हणजे गाडी नुसता पत्र्याचा डबा. तेवढं गाडीतलं घड्याळ रोज लावावं लागेल. वीज तुटली की ते शून्यावर येतं."

"बसवा," मी म्हणाले. इतक्या घाईने, की काकांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं.

संध्याकाळी नवऱ्याने तो स्विच पाहिला. जखमेवरून फिरवावं तसं त्यावरून बोट फिरवलं.

"विचारलं नाहीस."

"अरे, तू ऑफिसात होतास."

"मला नाही," तो म्हणाला आणि हात धुवायला आत गेला.

त्या दिवसापासून मूठ माझ्या पर्समध्ये आली. खोटं कशाला बोलू, मला फार बरं वाटलं. आता माझ्या परवानगीशिवाय ती जागी होणार नव्हती.

सकाळी मीच मूठ बसवली. गाडी एका फटक्यात चालू झाली. मी वाकून आत पाहिलं. घड्याळ बरोबर वेळ दाखवत होतं.

मी मूठ पुन्हा काढली. घड्याळ विझलं. लावली, तर शून्य. सगळं नियमाप्रमाणे. काकांना परत बोलावलं, त्यांनीही तपासून सांगितलं, "पक्कं तुटतंय, ताई." पण दुसऱ्या दिवशी सकाळी घड्याळ पुन्हा बरोबर होतं, आणि आत हातांना लावायच्या क्रीमचा ताजा वास होता. मी क्रीम लावत नाही.

मग सुट्टीची दुपार. सासूबाई आडव्या झाल्या होत्या. मी ओट्यापाशी बटाटे सोलत होते, आणि खालच्या शेडमधून नवऱ्याचं हसणं ऐकू आलं. खिडकीतून डोकावले. तो गाडीत बसला होता, स्टिअरिंगसमोर नाही, शेजारच्या सीटवर.

मी पर्समधली मूठ घेऊन खाली गेले. काच उतरवलेली होती.

"कुणाशी बोलतोयस?"

"आलोच गं, तू हो पुढे."

"अरे, मी काय विचारतेय—"

त्याच्या डोक्यावरचा गाडीतला दिवा जळत होता. मी माझी मूठ उघडून पाहिली. लाल मूठ तिच्यातच होती.

काच वर यायला लागली. मोटरचा तो बारीक, सावकाश आवाज. माझी बोटं काठावर होती. ती मी ओढून घेतली.

कुलपं खट्‌कन लागली.

पुढच्या सुट्टीला मी पाना घेऊन बॅटरीच काढली. कंबर मोडेस्तोवर ओढत वर आणली आणि स्वयंपाकघरात फरशीवर ठेवली. मीटरच्या दोन सुया लावल्या. बॅटरी भरलेली होती. तिला दुसरी एक तारही जोडलेली नव्हती.

नवऱ्याने चपला घातल्या. जिना उतरल्याचा आवाज आला. गाडीचं दार लागलं.

मीटरवरचा आकडा उतरायला लागला.

मी सुया बदलल्या. दुसरा मीटर आणला. तोही तेच सांगत होता. भांडं कलंडल्यासारखी ती फरशीवर रिकामी होत होती, आणि खालून हसण्याचा आवाज येत होता.

मला भीती वाटायला हवी होती. पण माझ्या मनात आलं ते एवढंच: माझ्यापाशी हा असा का हसत नाही?

मी खाली गेले.

या वेळी काच आपणहून उतरली. नवऱ्याचा चेहरा लहान मुलासारखा उजळला होता.

"बरं झालं आलीस," तो म्हणाला. "तीच म्हणाली, बोलाव तिला. मागे जागा आहे."

मागचं दार बोटभर उघडलं.

मी वर पळायला हवं होतं. सासूबाईंना उठवायला हवं होतं. पण त्या दोघांना एकटं सोडून जाणं मला जमलं नाही.

मी बसले. दार अलगद लागलं.

पुढच्या दोन सीटच्या मधे नवऱ्याचा हात अर्धवट मिटलेला पडला होता. त्याच्या बोटांवर, कुणीतरी घट्ट धरल्यावर उमटतात तसे, पांढरे ठसे उमटत होते.