नुसतं पाणी

"या झग्याच्या नाड्या पाठीमागे लावणारा माणूस जन्मात कधी आजारी पडला नसणार," पडद्याआड बाबा पुटपुटले. "त्या बांधायला काय पाठीला हात फुटलेत?"

पडद्याच्या अलीकडे त्यांची लेक खुदकन हसली. तिच्यासोबत आणखी कुणीतरी हसलं... सीटी स्कॅनचं यंत्र चालवणारा तंत्रज्ञ. हसता हसता त्याचा चष्मा नाकावरून घसरला. त्यानं वर ढकलला, तो पुन्हा घसरला.

"काढा," ती म्हणाली.

"काय?"

"चष्मा हो! चष्म्याचं दुकान आहे माझं. घसरता चष्मा मला बघवत नाही."

पर्समधून इवलासा पेचकस काढून तिनं काडीचा स्क्रू आवळला आणि सवयीनं तिनंच चष्मा त्याच्या डोळ्यांवर चढवला, कानामागे बोट फिरवून पाहिलं. दुकानात ती दिवसभर हेच तर करायची! पण चष्मा बसवून घेताना एवढा श्वास रोखून उभं राहिलेलं गिऱ्हाईक तिनं पाहिलं नव्हतं.

"श्वास सोडा," ती म्हणाली.

"ते... माझं वाक्य आहे," तो म्हणाला.

एरवी ती असं कुणाशी पटकन बोलली नसती. पण आठवडाभर जीव टांगणीला लागला होता, आणि भेदरलेलं माणूस एकतर मुकं होतं नाहीतर वाचाळ. सोनोग्राफीत बाबांच्या किडनीवर गाठ दिसली होती. पाण्याची असावी, पण आतलं नीट कळत नव्हतं. सीटी काढायचा, तर किडन्या आधीच थकलेल्या; म्हणून गाठ उठून दिसावी यासाठी शिरेतून देतात तो डाय न देताच काढायचं ठरलं. यावर आत्याचं फोनवरून मत आलंच. "डायशिवाय सीटी म्हणजे मिठाशिवाय भाजी. त्यात कळणार काय? आणि... तसलं काही नसेल ना गं?"

तसलं काही. घरात तो शब्द कुणीच उच्चारत नव्हतं.

स्कॅन झाला. तंत्रज्ञ बाहेर आला. "झालं. रिपोर्ट परवा मिळेल."

"ठीक आहे ना सगळं?"

"डॉक्टर सांगतील." हे बोलताना त्यानं मान वर केलीच नाही. फरशीकडे बघत राहिला.

लोकांच्या डोळ्यांत बघणं हाच जिचा धंदा, तिला खाली गेलेली नजर न कळायला काय झालं?

त्या दोन दिवसांत बाबा जरा जास्तच विनोद करत होते. मधेच त्यांनी तिला मोरीत बोलावलं. "हा नळ असा थोडा उचलून बंद करायचा, बरं का. नाहीतर ठिबकत राहतो." इतकी वर्षं तो नळ त्यांनी दुसऱ्या कुणाला बंद करू दिला नव्हता. ती "हं" म्हणाली आणि स्वयंपाकघरात जाऊन उगाचच भांडी वाजवत बसली.

रिपोर्टच्या दिवशी बाबा हट्टानं एकटेच गेले. "तू दुकान बघ."

दुपारी दुकानाचं दार उघडलं. तो आत आला. तोच.

तिनं हातातली फ्रेम काउंटरवर ठेवली. हा माणूस सांगायला मुद्दाम दुकान शोधत आलाय, म्हणजे...

"बसा," ती कशीबशी म्हणाली. "एकदाच काय ते सांगून टाका. कॅन्सर आहे ना?"

उच्चारला एकदाचा. एवढासा शब्द, पण दुकानातल्या सगळ्या आरशांनी ऐकल्यासारखा वाटला.

"अहो, नाही... म्हणजे मला माहीत नाही!" तो गडबडला. "मी फक्त फोटो काढतो. वाचणारे डॉक्टर वेगळे. माझ्या तोंडून चुकीचं काही गेलं तर? म्हणून आम्ही बोलतच नाही."

"पण तुमचा चेहरा बोलला ना! खाली का बघत होतात?"

"ते... त्याचा फोटोशी संबंध नव्हता."

"मग कशाशी होता?"

त्याचे कान लाल झाले.

तेवढ्यात बाबा आले, धापा टाकत. "पाणी!"

ती तांब्या घ्यायला वळली.

"प्यायला नको गं! गाठीत. नुसतं पाणी आहे! मी डॉक्टरांना सरळच विचारलं, कॅन्सर आहे का म्हणून. ते म्हणाले, गाठ आतून सगळीकडे एकसारखी, पाण्याइतकीच पातळ. साधी आहे. डाय देऊन पुन्हा बघायची गरजच नाही. अधलंमधलं काही दिसलं असतं तर पुढच्या तपासण्या लागल्या असत्या. सांग तुझ्या आत्याला!"

ती बाबांच्या खांद्यावर डोकं टेकून रडली. मनसोक्त, नाक पुसायचंही भान न ठेवता. बाबा तिच्या केसांवरून हात फिरवत राहिले. मग त्यांचं लक्ष कोपऱ्यातल्या पाहुण्याकडे गेलं.

"हे इथे कसे?"

"चष्मा... जरा सैल झालाय," तो म्हणाला.

डोळे पुसून तिनं चष्मा हातात घेतला. काडी हलवून पाहिली. स्क्रू जिथल्या तिथे, घट्ट. तिनं त्याच्याकडे पाहिलं. चष्म्याविना त्याला फारसं दिसत नसणार, तरी या वेळी तो बघतच राहिला. चष्मा परत द्यायचा असतो, हे मात्र तिला आठवेना.

बाबांनी एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा त्याच्याकडे. खुर्ची ओढून निवांत बसले.

"आज सरळ बोलायचं मलाच जमतंय, तर हेही मीच बोलतो," ते म्हणाले. "पोरी, याला तू आवडतेस. आणि तुला हा."