दोन माईकांचं गाणं

ज्याला हे खोटं वाटेल त्यानं खुशाल खोटं म्हणावं. ज्याच्यासोबत घडलं तो अजिनाथ माझा सख्खा मेव्हणा आहे, आणि थापा मारायला जी अक्कल लागते ती त्याच्यात नाही.

साल २०१९. मे महिना. भर दुपार.

आपल्या शहराला तेव्हा औरंगाबादच म्हणायचे. हर्सूलच्या पुढं सावंगीकडं, जिथं आधी ज्वारी उभी असायची, तिथं नव्या बिल्डिंगी उभ्या राहिल्या होत्या. त्यातल्या एकीत तिसऱ्या मजल्यावर अजिनाथची भाड्याची खोली. बिल्डिंगी वाढल्या, पाणी मात्र आटलं. नळ आठवड्यातून एकदा यायचा. त्या दिवशी गल्लीभर मोटारी, टँकर आणि भांडणं. बाकीच्या दिवशी दुपारी चिटपाखरू नसायचं.

अजिनाथला तीच शांतता हवी होती.

त्याचा मामा मुंजाबा, पिशोरचा. अख्खा जन्म मेंढरांमागं गेला. मेंढरं वारुळातून कशी बाहेर आली याचं एक लांबलचक गाणं त्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं. आता ते एकट्या मुंजाबाला येत होतं. एकानं पुढं म्हणायचं, दुसऱ्यानं मागून सुरात ‘व्हय जी’ म्हणायचं. याला झील धरणं म्हणतात. अजिनाथ चड्डीत होता तेव्हापासून गावच्या जत्रेत मामाची झील धरायचा.

मामाचा स्वतःचा पोरगा बिभीषण. वाळूजला कंपनीत, आणि लग्नसराईत डीजे. बापाच्या गाण्याला तो तोंडावर "मेंढरांची बें-बें" म्हणायचा.

"बिभ्याला नको ते," मामा म्हणायचा. "गाणं तुझंच हाय, भाच्या. मरायच्या आधी तुझ्या पदरात टाकतो."

या एका शब्दावर अजिनाथ जगत होता. दुसरं काहीच त्याला मामाकडून नको होतं.

मोबाईलवर रेकॉर्ड करून पाहिलं, तर मामाचा आवाज चढला की फाटायचा. मग अजिनाथच्या डोक्यात ऑडिओ इंटरफेस घुसला. म्हणजे माईकची वायर लॅपटॉपला जोडणारा छोटा डबा. स्वस्तातला कुठला चांगला, याचे व्हिडिओ तो दोन महिने बघत होता. माझी बायको म्हणाली, "मेल्या, लग्नाला पोरगी बघताना एवढं बघितलं नव्हतंस."

शेवटी तो औरंगपुऱ्यातल्या एका दुकानात गेला. यातलं कळतं म्हणून बिभीषणला सोबत घेतलं.

दुकानदारानं दोन डबे ठेवले. एका माईकचा आणि दोन माईकचा.

"अकेले गाना है तो एक वाला बस है, भाई."

"एकवालाच घी दादा," बिभीषण म्हणाला. "दोघं एकाच माईकवर बसा की."

"नाय. मामाचा आवाज येगळा पायजे, माझी झील येगळी. मागून कमीजास्त करता येतं."

"तो फिर ये लेव. ये बटन दबाए तो हेडफोन में आवाज सीधी आती. लॅपटॉप में से घूम के नहीं आती."

तिथंच सौदा ठरला. लॅपटॉपमधून फिरून आलेला आवाज जरा उशिरा पोचतो, आणि उशिरा ऐकणाऱ्याची झील चुकते. अजिनाथनं दोन माईकचा डबा घेतला. बिभीषणनं डीजेच्या अनाउन्समेंटसाठी एकवाला घेतला.

"मला एकच बास," तो हसून म्हणाला.

नळ नसलेला आणि बायको माहेरी असलेला एक दिवस ठरला. आदल्या संध्याकाळी मामाचा फोन आला. "सकाळच्या यष्टीनं येतो."

दुपारी लाईट गेली. पंखा बंद, म्हणजे उलट बरंच. लॅपटॉप बॅटरीवर होता. मोबाईलमुळं रेकॉर्डिंगमध्ये टर्र-टर्र येते म्हणून अजिनाथनं सकाळीच फोन विमान मोडवर टाकला होता.

हे ध्यानात असू द्या.

बारा वाजून गेले आणि दारात मामा उभा.

अजिनाथनं पाया पडायला वाकायच्या आत तो सरळ आत जाऊन सतरंजीवर बसला. अजिनाथनं माठातलं पाणी दिलं. मामानं तांब्याकडं बघितलंसुद्धा नाही. एवढ्या उन्हातून आलेला माणूस...

आणि आणखी एक गोष्ट खटकली. मामाच्या घोंगड्याला मेंढरांचा उग्र वास यायचा. मामा येऊन गेला की खोली दोन दिवस वासायची.

आज वासच नव्हता.

"मामा, बरं हाय ना?"

"लाव तुझं मशीन."

अजिनाथनं दाराला आतून कडी घातली. बाहेरचा आवाज नको म्हणून फटीशी गोधडी दाबून बसवली. हेडफोन चढवला, ते बटन दाबलं, रेकॉर्डिंग चालू केलं.

मामानं गाणं उचललं.

हेडफोनमध्ये आवाज असा आला, की अजिनाथच्या अंगावर काटा आला. खणखणीत. तरणाबांड मुंजाबा गात होता जणू. अजिनाथनं झील धरली. ‘व्हय जी...’

डब्यावर दोन दिवे होते. माईकमध्ये आवाज गेला की हिरवा लागायचा. अजिनाथचा दिवा लागत होता.

मामाचा...

लागत नव्हता.

स्वस्तातला माल, गेला असंल दिवा, असं त्यानं मनाला समजावलं. कानात तर आवाज येत होता. थांबून तपासता आलं असतं. पण त्या गाण्याची रीत कडक. झील मधेच तुटली तर गाणारा उठून जातो, आणि त्या वर्षी परत बसत नाही. मामाचं वय बघता पुढचं वर्ष कुणी पाहिलंय?

तो थांबला नाही.

दीडेक तास गाणं चाललं. शेवटच्या कडव्यात गाणं आजवर कुणी-कुणी सांभाळलं त्यांची नावं येतात. पणजा, आजा, बाप. मग स्वतःचं. आणि मग ज्याच्या हवाली करायचं त्याचं.

मामानं डोळे मिटले.

"...हितून फुडं अजिनाथाचं."

सगळा जीव गोळा करून अजिनाथनं शेवटची झील दिली. "व्हय जी, व्हय जी!"

मग डोळे पुसत लॅपटॉपकडं वळला. फाईल सेव्ह केली. हेडफोन काढला.

"मामा, ऐकतो का?"

सतरंजी रिकामी होती.

दाराला आतून कडी तशीच. फटीशी गोधडी तशीच. तांब्या काठोकाठ भरलेला...

त्यानं फोनचा विमान मोड काढला. मेसेजवर मेसेज कोसळले. पहिला साळूमामीच्या फोनवरनं.

मामा सकाळीच गेला होता. यष्टीला निघायचं म्हणून चप्पल घालता घालता खाली बसला, तो उठलाच नाही.

अजिनाथ पिशोरला कसा पोचला हे त्याला आजही आठवत नाही. माती देऊन झाली. त्या गर्दीतही त्याच्या मनात एकच होतं. गेला, पण जाता जाता शब्द पाळून गेला.

परत आल्यावर त्यानं फाईल लावली.

पहिल्या माईकवर काहीच नव्हतं. नुसती सूं...

दुसऱ्या माईकवर त्याची झील. ‘व्हय जी’. मग लांब शांतता. परत ‘व्हय जी’. एका खोलीत दोन माणसं गात असतील, तर एकाच्या माईकमध्ये दुसऱ्याचा थोडा तरी आवाज शिरतोच. इथं तेवढाही नव्हता. भिंतीला झील देत बसल्यासारखा तो एकटाच.

तो ढसाढसा रडला. पुरुषासारखा पुरुष, पण लहान पोरासारखा रडला, हे मी डोळ्यांनी बघितलंय.

तेरावा झाला. बिभीषण वाळूजला गेला. त्याच संध्याकाळी त्याचा अजिनाथला फोन आला. आवाज ओळखू येत नव्हता.

"दादा, माझ्या लॅपटॉपात एक फाईल हाय... बाची हाय..."

"कवाची?"

"त्याच दिवसाची. दुपारची. दादा, मी तवा पिशोरात होतो ना! वाळूजच्या खोलीला कुलूप होतं."

फाईल आली. संपूर्ण गाणं. तोच खणखणीत आवाज. जिथं झील यायची, तिथं शांतता.

बिभीषणनं आधी गुपचूप रेकॉर्ड करून ठेवलं असेल, असं मीही म्हणालो. अजिनाथनं दोन्ही फाईली एकाखाली एक लावल्या आणि मला ऐकवल्या.

मामा थांबला की अजिनाथ. अजिनाथ थांबला की मामा. कुठं तसूभर इकडंतिकडं नाही. एक माणूस हर्सूलला आणि दुसरा वाळूजला, मधे अख्खं शहर.

बेईमानी याला म्हणतात. आयुष्यभर झील धरली भाच्यानं, समोर येऊन बसला भाच्याच्या, आणि आवाज नेऊन ठेवला त्या पोराच्या कुलूपबंद खोलीत. मेलेल्या माणसाला नावं ठेवू नयेत, पण मी ठेवतो.

तरी मला वाटलं होतं, निदान नाव तरी राहील.

शेवटचं कडवं आलं. अजिनाथनं माझा हात धरला. पणजा, आजा, बाप. मग मुंजाबा...

"...हितून फुडं बिभीषणाचं."

आणि लगेच मागून अजिनाथचा आवाज. सगळा जीव ओतून, आनंदानं.

"व्हय जी, व्हय जी!"

अजिनाथनं माझा हात सोडला. "दाजी," तो म्हणाला, "मी माझंच नाव ऐकलं होतं. आईशप्पथ, माझंच."

मी लॅपटॉप मिटला.

गाणं आता बिभीषण म्हणतो. फाईल ऐकून ऐकून पाठ केलं, आणि बरं म्हणतो. झिलीसाठी दरवर्षी अजिनाथला बोलावणं येतं. अजिनाथ जात नाही. मग बिभीषण मागं अजिनाथकडून मागून घेतलेली झिलीची फाईल लावतो, आणि भरल्या जत्रेत अजिनाथ हो म्हणत राहतो.