तिसरा डोस

माझी आई, जाईबाई, गिरणीत वाइंडिंग खात्यात होती. सूत तुटलं की न बघता गाठ मारायची. त्या सुताने तिच्या डाव्या अंगठ्यावर आडवी खाच पाडली होती. पगाराच्या कागदावर ती अंगठा उठवायची, खाचेसकट. मला मात्र शिकवलंन. आमच्या घरातली पहिली सही माझी, सीमाची.

शेवटची सहा वर्षं ती मलाच रोज विचारायची, "बाई, तू कोण गं?" तसंच विचारत गेली. मी माझ्या लेकीला, नम्रताला हे विचारणार नाही, सांगून ठेवते! म्हणून साठीला परळच्या एका दवाखान्यात, विस्मरण रोखायच्या लशीच्या चाचणीत नाव घातलं.

डॉक्टर इरावती म्हणाल्या, "मेंदूत गाळ साचतो, सीमाताई. लस शरीराला तो ओळखायला शिकवते, मग शरीरच साफ करतं. पण चाचणी आहे हं, खात्री नाही."

"द्या टोचून."

पहिल्या डोसनंतर दंड दुखला, बस्स. दुसऱ्यानंतर आठवड्याभराने करी रोडच्या खोलीत ब्लाउजला हूक लावत होते. दोरा तुटला. माझ्या बोटांनी न बघता गाठ मारली. बारीक, घट्ट. मला ती कधीच यायची नाही.

नाकात कापसाची धूळ आली. गिरणी पाडून वीस वर्षं झालीत, तिथे आता टॉवर आहे.

मग आठवायला लागलं. मी पलंगावर पडलेय. समोर एक बाई, हातात पेजेची वाटी, रडून डोळे सुजलेले. ओळखू येत नाही. भीती वाटते तिची.

त्या बाईच्या अंगावर माझी निळी साडी होती. चेहराही माझाच.

हे सांगितलं तशी नम्रता घाबरली. "मम्मी, बस झालं. तिसरा नको घेऊस."

"का नको? आजी तुझी येतेय तर येऊ दे. मी माझी जागा सोडत नाही!"

तिसऱ्या डोसला संमतीच्या कागदावर ठसठशीत सही केली. साक्षीदाराचा रकाना रिकामा ठेवला, तो डॉक्टर नंतर भरायच्या.

"बरोबर कोण आलंय?" त्यांचा नेहमीचा प्रश्न.

"नम्रता. माझी मुलगी," मी ठणकावून सांगितलं.

सुई टोचली.

कागद फाइलला लावताना डॉक्टर थांबल्या. "सीमाताई, सही केलीत ना? मग हा अंगठा कशाला?"

टेबलावरचं शाईचं पॅड बंदच होतं. माझा अंगठा कोरडा, गुळगुळीत.

साक्षीदाराच्या रकान्यातला ठसा अजून ओला होता. मधोमध आडवी खाच.