नवव्या कडीवरची घडी

दार उघडलं ते भलत्याच माणसानं. प्रयोगशाळेतल्या क्ष-किरण यंत्रावरचे काका रजेवर होते आणि त्यांच्या जागी आठवड्यापुरता हा तरुण आला होता. तिच्या चिमट्यातला पॉलिमरचा इवलासा पापुद्रा पाहून त्यानं विचारलं, एवढ्याशासाठी एवढी धाप?

धाप लागणारच. दोन वर्षं खपून तिनं कार्बनच्या लांबलचक साखळ्या जोडल्या होत्या. दर नवव्या कडीवर एक आम्लाचा गट. हे अंतर खरंच सगळीकडे सारखं असेल, तर साखळ्या ठरल्या जागी दुमडतील, चादरींच्या घड्यांसारखे थर लागतील आणि क्ष-किरणांच्या चित्रात बारीक, रेखीव वर्तुळं उमटतील. नसेल, तर नुसता गुंता. चार वाजेपर्यंत मार्गदर्शक मॅडमना चित्र दाखवायचं होतं, नाहीतर तिचं काम आजच बंद.

पहिलं चित्र आलं... धुरकट.

पापुद्रा कसा केला, हे त्यानं खोदून खोदून विचारलं. घाईत तो गरम गरमच बर्फाच्या पाण्यात बुडवला, हे तिनं खालमानेनं सांगितलं.

“मग बिचाऱ्या साखळ्यांनी घडी घालायची कधी? अंथरूण आवरायला तरी वेळ द्याल की नाही?”

त्यानं पापुद्रा यंत्रातच पुन्हा वितळवला आणि हळूहळू निवत ठेवला. तीन तास. ती घड्याळाकडे बघत होती, आणि तो तिच्याकडे... बघत नसल्यासारखं दाखवत होता. आईचा फोन आला, तिनं घेतला नाही. मुळात अंतरच चुकलं असेल तर, एवढंच पुटपुटली. तो आपला बहिणीच्या भांडखोर मांजरीचे किस्से सांगत राहिला. एकदा ती हसली, आणि आपण हसलो म्हणून आणखीच घाबरली.

साडेतीनला त्यानं पडदा तिच्याकडे वळवला. एकात एक, केसासारखी बारीक वर्तुळं.

तिचे डोळे भरून आले. मग चित्राच्या कोपऱ्यातली वेळ दिसली — तीन वाजून दहा मिनिटं.

“वीस मिनिटं तुम्हाला ठाऊक होतं?”

“होतं.”

“माझा इथं जीव जात होता.”

“दिसत होतं. पण चित्र मिळालं की तुम्ही निघून जाणार... आणि सोमवारी काका परत येणार. तुम्ही जाऊ नये असं वाटत होतं. चुकलंच माझं.”

तिनं चित्राची छापील प्रत उचलली. दारापाशी थांबली.

“आता वीस मिनिटं तुम्ही बसा तळमळत. मी रागावले की नाही, ते आल्यावर सांगेन.”

मॅडमनी चित्र पाहिलं, मान डोलावली. वीस मिनिटं काही तिलाच काढवली नाहीत. बाराव्या मिनिटाला ती पुन्हा त्याच दारात उभी होती, धापा टाकत.