वेदनेचा खोटा आकडा

त्याने मला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी काटकोनात होते.

वजनमापं तपासणं ही माझी नोकरी. त्या सकाळी एका किराणा दुकानातला काटा तपासत होते. वीस किलोचं प्रमाण वजन पेटीतून उचलून काट्यावर ठेवलं आणि मग सरळच होता येईना. कमरेतून डाव्या पायाच्या अंगठ्यापर्यंत एक कळ गेली. दुकानदार आधी घाबरला, मग थोडा खूशही झाला असावा.

"हलू नका," मागून कोणीतरी म्हणालं.

"हलता येत असतं तर अशी उभी राहिले असते का?"

"छान. म्हणजे जीभ शाबूत आहे." हातातला साबण ठेवून तो पुढे आला. वरच्या मजल्यावरच्या मणक्याच्या दवाखान्यात तो फिजिओथेरपिस्ट होता. "माझ्या हातावर भार द्या. सगळा द्या. काटा नाहीये तो, बिघडणार नाही."

मी दिला. कोणावर तरी भार टाकून किती वर्षं झाली होती... हे तेव्हा नाही, नंतर सुचलं.

त्याच दवाखान्यात तपासण्या झाल्या. "दोन मणक्यांमधली गादी सरकलीय आणि नस दाबतेय," डॉक्टरबाई म्हणाल्या. "कापाकापी नको. यंत्राने हळूहळू ताण देऊन मणक्यांमध्ये थोडी जागा करून पाहू. वीस बैठका."

यंत्र म्हणजे दोन तुकड्यांचं टेबल. एक पट्टा छातीला, एक कमरेला. खालचा तुकडा मिनिटभर हलकेच ओढायचा, मग अर्धा मिनिट सैल सोडायचा. माझ्या मुठीत एक लाल बटण. सहन झालं नाही तर दाबायचं. पेशंटला एकटं सोडायचं नाही असा नियम होता, म्हणून तो अर्धा तास शेजारच्या स्टुलावर बसायचा.

आणि सुरुवातीला रोज एकच प्रश्न— "आजचा आकडा?"

शून्य म्हणजे काहीच दुखत नाही, दहा म्हणजे असह्य. त्या आकड्यावरून तो ताण ठरवायचा.

"मी तुम्हाला मनातल्या मनात पट्टेवाला म्हणते," तिसऱ्या बैठकीत मी सांगून टाकलं.

"चालेल. फक्त घंटी समजून ते लाल बटण दाबू नका."

"तुमच्या पडद्यावर अठरा किलो दिसतंय. ते अठराच आहे कशावरून?"

"धाड घाला, इन्स्पेक्टर."

"घालीन. आधी सरळ उभी तर राहू दे."

तो हसला, आणि पट्ट्याची कड माझ्या बरगडीला टोचत होती ती न सांगताच सारखी केली.

बाकीचा दिवस गप्प असायचा. मी दुकानात शिरले की माणसं बोलायची थांबतात. बारा वर्षांत त्याची सवय झाली होती. ताई रविवारी फोन करायची. "बरं वाटतंय ना? मग ठेवते." स्वयंपाकघरात टेबलाखाली एक चमचा पडला होता. मला वाकता येत नव्हतं आणि उचलायला दुसरं कोणी नव्हतं. तीन आठवडे तो तिथेच होता.

चौदाव्या बैठकीच्या सकाळी मी सहज वाकले आणि तो चमचा उचलला. दुखलं नाही. चमचा धुतला आणि खुर्चीत बसून राहिले. सलग तीन वेळा आकडा दोन किंवा त्याहून कमी राहिला की उपचार थांबवतात, पुढचे व्यायाम घरी... हे मला माहीत होतं.

"आजचा आकडा?"

"पाच."

आवाज जराही कापला नाही. तोंडावरची रेषही न हलवता खोटं वजन सांगणारे दुकानदार मी शेकड्यांनी पकडले होते. ते किती सोपं असतं, हे त्या दिवशी कळलं.

"पाच? परवा तीन होता." त्याच्या कपाळाला आठी पडली. "मग ताण दोन किलो वाढवावा लागेल."

पुढच्या वेळी पुन्हा पाच. आणखी दोन किलो. तो गादी कशी आहे, चप्पल कुठली, खुर्ची किती उंच, सगळं विचारू लागला. मला इतके प्रश्न आयुष्यात कोणी विचारले नव्हते. मी प्रत्येकाचं उत्तर सावकाश द्यायचे.

सतराव्या बैठकीत कमरेचे स्नायू एकदम आवळले. श्वास अडकला. मी बटण दाबलं. यंत्र पुरतं थांबायच्या आत त्याने पट्टे सोडवले होते.

तीन दिवसांनी, जरा बरं वाटल्यावर गेले, तर स्टुलावर दुसरीच मुलगी.

"ते कुठे आहेत?"

"आत. ताण वाढवायचा निर्णय आपला चुकला असं लिहून दिलंय त्यांनी. यंत्रावर त्यांना ठेवायचं की नाही, ते डॉक्टरबाई आज ठरवणारेत."

मी गप्प राहिले असते तर कोणाला काही कळलं नसतं. मी आतलं दार ढकललं. तो टेबलासमोर उभा होता, शाळेत शिक्षा झाल्यासारखा.

"चूक यांची नाही," मी म्हणाले. "चौदाव्या बैठकीपासून मी आकडा खोटा सांगत होते. खरा दोन होता. नंतर एक."

डॉक्टरबाईंनी चष्मा काढला. "का?"

"उपचार संपले असते... म्हणून."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे, मग पुन्हा माझ्याकडे. समोरचा कागद त्याच्या हातात परत दिला. "हा घेऊन जा. आणि बाई, तुमचे उपचार आज संपले. वजन उचलायचं नाही, रोज वीस मिनिटं चालायचं. निघा दोघंही."

तो जिन्यात मला गाठायला आला, पण हसत नव्हता.

"तीन दिवस जेवण गेलं नाही मला. वाटलं, तुमचा पाय मी कायमचा घालवला."

"माफ करा."

"तुमच्या आत काय दुखतंय ते मला दिसत नाही. तुम्ही सांगता तेच खरं धरून मी हात लावतो."

"मला वाटलं, बरी झाले की... संपलंच," एवढंच म्हणाले.

तो कठड्याला टेकला. "पेशंटला बाहेर भेटायचं नाही असा आमचा नियम आहे. उपचार चालू असेपर्यंत." त्याने हातातल्या कागदाची घडी घातली. "मी बैठका मोजत होतो. शेवटची झाली की विचारणार होतो. तुमचा आकडा वाढला की वाटायचं, आता आणखी दहा बैठका लागणार."

"म्हणजे मी लांबवत होते ते—"

"हो. तेच."

मला हसू यायला हवं होतं. डोळेच भरून आले.

"मग आता विचारा."

"आता राग आलाय."

"किती टिकेल?"

"माहीत नाही. माझा सहसा टिकतो."

रस्त्यावर ऊन पडलं होतं. एरवी याच वेळी मी घराकडे वळायचे. "वीस मिनिटं चालायला सांगितलंय," मी म्हणाले. "एकटी असले की मी पहिल्या वळणावरून परत येते. खरं सांगतेय."

माझ्या खांद्यावरची पिशवी काढून त्याने स्वतःच्या खांद्याला लावली आणि चालू लागला. मी शेजारून भरभर चालत होते, वर्षानुवर्षं एकटीने चालते तशी.

वळण आलं. तो थांबला नाही, फक्त वेग कमी केला.

"पाऊल लहान टाक," समोर बघतच तो म्हणाला. "मी कुठे पळून जात नाहीये."