उतरल्याची वेळ

शेकायचं तर जवळ सरका, आणि हसायचं तर आत्ताच हसून घ्या. मध्येच कोणी खिदळलं की मी उठून जातो.

आपल्या तेओफिलोचं सांगतो. वाटाड्याचं काम सोडून बटाटे लावतो, तोच. दोन वर्षांमागची चौदा नोव्हेंबर. दुसऱ्या दिवशी त्याला सहा पाहुणे घेऊन तीन दिवसांसाठी अकातेनांगो ज्वालामुखीवर जायचं होतं, म्हणून संध्याकाळी तो घरासमोरच्या खोपटात चढाया नोंदवायच्या वहीत वेळा लिहायला गेला. पहिल्या दिवशी नऊला निघायचं, तीनच्या आत मुक्कामाच्या तळावर. दुसऱ्या पहाटे चारला शिखराकडे. तिसऱ्या दिवशी अकराला खाली.

आता निघायची वेळ वाटाड्या लिहितो, पण उतरल्याची ज्यानं त्यानं आपल्या हातानं लिहायची, हे तुम्हाला ठाऊकच आहे. तो रकाना भरेपर्यंत माणूस डोंगरावरच आहे असं धरतात. घरचे दाराला कडी लावत नाहीत, मेलेल्यासाठीची नऊ दिवसांची प्रार्थनाही करत नाहीत. रकाना भरला की वाट पाहणं संपलं.

तेओचा धाकटा भाऊ सिल्व्हेरिओ त्याआधीच्या वर्षी धुक्यात वरच राहिला. त्या दिवशीची निघायची वेळ तेओनंच उशिराची ठरवलेली. देहही सापडला नाही. त्यांची आई, दोन्या चोना, वर्षभर उघड्या दाराशी बसूनच डुलक्या काढायची. तेओ मात्र रडला नाही. जेवायचा, चढायचा, उतरायचा. आतून पार बधिर झाला होता.

त्या संध्याकाळी त्यानं जुनं पान काढलं आणि भावाच्या नावापुढे लिहिलं, दुपारी बारा. आईची एकदा सुटका व्हावी, एवढंच त्याच्या मनात होतं. खोपटाला कुलूप घालून त्यानं किल्ली खिशात टाकली.

घरी येऊन म्हणाला, "आई, सिल्व्हेरिओचा रकाना भरलाय."

"कोणी भरला?"

"त्यानंच."

आईनं बराच वेळ त्याच्याकडे पाहिलं. मग उठून तिनं चुलीवरचं काळ्या घेवड्याचं भांडं खाली उतरवलं आणि वर्षात पहिल्यांदा कडी घातली.

पहाटे दारावर थाप पडली. दोन... मग एक. सिल्व्हेरिओ तशीच मारायचा. तेओनं घड्याळ पाहिलं. तीन चाळीस.

पुन्हा. दोन... मग एक.

भीती वाटायला हवी होती. वाटली नाही. अंग हलेना, एवढंच.

अंधारात आई बोलली. "उतरलाय म्हणालास ना? मग उघड."

त्याची नजर घड्याळावरच.

"तेओ..."

दोन...

एक.

आई उठायला लागली. त्यानं तिचं मनगट धरलं. घट्ट. सोडलं नाही.

थाप थांबली. तीन पंचावन्न.

सकाळी खोपटाचं कुलूप जसंच्या तसं होतं. किल्ली त्याच्याच खिशात. त्यानं वही उघडली. दुपारचे बारा खोडलेले, आणि शेजारी सिल्व्हेरिओच्या डावखुऱ्या, तिरक्या अक्षरात तीन चाळीस. पानाच्या तळाशी त्याच अक्षरात एक नवी ओळ होती. नाव, सिल्व्हेरिओ. निघाला, तीन पंचावन्न.

पुढचा, उतरल्याचा रकाना कोरा.